गया मावशीला दिसेल अशी जीप

हैदराबादेत तारनाक्याला आमच्या इमारतीखाली एक पिवळीधमक जीप उभी असते. इतकी पिवळी, की नव्याने आलेले भाडेकरू तिला नर्सरी शाळेची गाडी समजतात. तिची चाकं अंगाच्या मानाने फारच मोठी आहेत, पोट जमिनीपासून भलतंच वर आहे आणि डाव्या दाराखाली वेल्डिंगचे दोन काळे डाग आहेत. तिथे एके काळी लोखंडी पायरी होती. जीप एवढी उंच का, पिवळी का आणि पायरी कुठे गेली, हे लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण मला विचारतो. आमचा मजला येईपर्यंत ते सांगून होत नाही, म्हणून एकदाचं लिहून काढते.

मी नारायणगुड्याला एका बँकेत नोकरी करते. वडील रेल्वेत होते, त्यामुळे जन्मापासून तारनाक्याचीच. नवरा मिलिंद पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. आई आमच्याजवळ राहते. तिचं नाव शेवंता. तिची थोरली बहीण गया उदगीरच्या पुढे बालाघाटाच्या डोंगरात खडकवाडी नावाच्या वस्तीवर असते. तिथे फोनला रेंज नाही. मावशीचा मुलगा बबन बाजाराच्या दिवशी खाली उतरला, की त्याच्या फोनमध्ये भरून आणलेलं मावशीचं बोलणं आमच्याकडे पोचतं. आई त्याला उत्तर बोलते, ते बबनबरोबर परत वर जातं. दोघी बहिणींच्या गप्पा अशा आठवडी बाजाराच्या चालीने चालतात, आणि भांडणंसुद्धा.

दसऱ्याच्या सुमाराला मावशीचं बोलणं आलं ते असं:

"शेवंते, डोळ्याचं काही खरं न्हाई बघ. डाक्टर म्हणला, नसा वाळूलाल्यात, आप्रेशनचं काम न्हाई. आता मला निस्तं भडक-भडक कळतंय, ते बी नाकासमोरचं, कडंचं न्हाई. दिसतंय तोवर येऊन जा."

आईने ते ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि फोन माझ्या हातात देऊन भाजी निवडायला बसली. आमची आई गप्प बसली की घरातली भांडीसुद्धा हळू वाजतात.

जायचं म्हटलं तर अडचणी होत्या. आईचे गुडघे गेलेले. उदगीरपासून वस्तीच्या पायथ्याशी जाणारी वाट म्हणजे नुसते दगड आणि चाकोऱ्या. पायथ्याच्या नाल्यावरचा फरशी पूल गेल्या पावसाळ्यात वाहून गेलेला. बबन मोटारसायकलवर ये-जा करायचा, पण आईला मोटारसायकलवर बसवणं अशक्य होतं. मावशीला हैदराबादला आणावं, तर तिचं उत्तर ठरलेलं. म्हणायची, "तितं मला काय दिसणार? इतं पायांना तरी वाट ठावी हाय."

मिलिंद रात्री जेवताना म्हणाला, "आई, मी तुम्हाला थेट मावशींच्या अंगणात नेऊन उतरवतो."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र हातातला घास खाली ठेवला, कारण मला माझा नवरा माहीत होता. गेली कित्येक वर्षं तो रोज झोपण्यापूर्वी चिखलातून गाड्या काढणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघतो. आता त्याला अशी सबब मिळाली होती की जिला घरात कुणीच नाही म्हणू शकत नव्हतं.

नामपल्ली

जीप एका निवृत्त डॉक्टरांकडून आणली. छोटीशी, जुनी, चारही चाकांना जोर लागणारी. तिच्या गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा आहे. तो ओढला की जीप मुंगीच्या चालीने, पण वाट्टेल तो दगड चढून जाते. मिलिंद त्याला लो गिअर म्हणतो आणि त्याचं नाव घेताना आवाज जरा खाली आणतो.

ती सुधारून घ्यायला आम्ही नामपल्लीला, नुमाईशचं मोठं प्रदर्शन भरतं त्या मैदानामागच्या गल्लीत, यूसुफभाईंच्या गॅरेजमध्ये गेलो. यूसुफभाई जाडजूड, बोलके, आणि मिलिंदहून काकणभर जास्तच हौशी. जीपभोवती एक फेरी मारून त्यांनी बॉनेटवर थाप मारली.

"साब, इसको मैं ऐसा बना को देतूं, नदी क्या, नाला क्या, हल्लू से पार. भाभी, तुमे बिल्कुल टेन्शन नक्को लेव."

मला टेन्शन त्या दोघांचंच होतं. मी म्हटलं, जीपने नाल्यापर्यंत जाऊ, पुढे बबन बैलगाडी घेऊन येईल. दोघांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, जसं काही मी विमानाला बैल जोडायला सांगितलं होतं.

मग सुरू झालं. स्प्रिंगा बदलून जीपचं अंग वर उचललं. चिखलाचे, खोल नक्षीचे टायर आले. इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून हवा ओढणारी नळी टपापर्यंत वर नेली. पुढे दोर गुंडाळणारी विंच बसवली, म्हणजे जीप अडकली तर दोर झाडाला बांधून स्वतःला ओढून घेणार. प्रत्येक रविवारी मिलिंद नामपल्लीला जायचा आणि कपड्यांना ग्रीस लावून इतका खूश होऊन परतायचा, की मला रागवायचं सुचायचं नाही. आरटीओत काय चालतं, काय नाही, याची चौकशी तेवढी मी नेटाने करायला लावली. नाहीतर ही माणसं टपावर रणगाड्याची नळीही बसवतील.

एका रविवारी आई डबा घेऊन आमच्याबरोबर आली. रंगाची चर्चा चालली होती. यूसुफभाईंना राखाडी हवा होता, चमक नसलेला; त्यांच्या बोलीत किराक, म्हणजे झकास. "एकदम किराक दिखती साब, जंगल में खड़ी तो दिखतीच नई."

आई खुर्चीवरून म्हणाली, "मिलिंदराव, पिवळी करा."

"पिवळी?"

"हळदीवाणी. गयाअक्काला दिसली पायजे."

मिलिंदच्या चेहऱ्यावर त्याच्या सगळ्या व्हिडिओंमधल्या राखाडी, काळ्या गाड्या एकामागून एक मरताना मला दिसत होत्या. पण त्याला सासूपुढे नाही म्हणता येत नाही, हा त्याच्यातला एक मोठाच गुण आहे. यूसुफभाई हळहळले. "हौ अम्मा, पीला तो पीला. लेकिन पहाड़ पे आमलेट के जैसा दिखती." आईने त्याच आठवड्यात बबनसाठी फोनमध्ये बोलून ठेवलं, "अक्का, पिवळ्या गाडीत येऊलालाव. वाट बघ."

मला तो आईचा हळवेपणा वाटला. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचं, एवढंच.

दिवाळी झाली. जीप घरी आली. सगळी इमारत खाली जमली. आईला बसवून एक फेरी मारायचं ठरलं. पलीकडच्या घरातल्या विजयलक्ष्मीअम्मा चाकाखाली ठेवायला लिंबं घेऊन आल्या. आमच्यात ते करत नाहीत, पण आई म्हणाली, "तिचं मन कशाला मोडा," म्हणून चार लिंबं चारी चाकांखाली गेली. आईने साडीच्या निऱ्या सावरल्या, दाराला धरलं, पाय उचलला. पाय अर्ध्यावर गेला आणि तिथेच राहिला. जीपची फळी, म्हणजे आतला तळ, तिच्या कमरेशी होती. तिने दुसरा पाय उचलून पाहिला. मग पाय खाली ठेवून ती शांतपणे म्हणाली, "गाडी चांगली झाली. मी कुठं बसू?"

मिलिंदचा चेहरा पाहवेना. ज्या बाईला डोंगरावर न्यायला हा सगळा खटाटोप केला, तिला जीपमध्ये चढताच येत नव्हतं. मी हसले नाही, हे माझं मोठेपण समजावं. वर गेल्यावर न्हाणीघराचं दार लावून घेऊन हसले.

दुसऱ्या दिवशी यूसुफभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "पत्थर नापा, पानी नापा, अम्मा का घुटना कोई नई नापा!" मग त्यांनी डाव्या दाराखाली शिडीसारखी लोखंडी पायरी वेल्डिंग करून लटकवली. ती जमिनीच्या इतकी जवळ आली, की जीप उचलून जे मिळवलं होतं ते त्या बाजूला सगळं गेलं. हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. यूसुफभाई म्हणाले, "साब, पत्थर को लगती ये." मिलिंद म्हणाला, "बघू." तोवर आई चढून बसली होती आणि आतून हात हलवत होती.

बिदर

हैदराबादहून उदगीर काही फार लांब नाही, पण आमची जीप वेगात जाणाऱ्यातली राहिली नव्हती. त्या टायरांचा घुमणारा आवाज असा, की आईने दोनदा खिडकीतून आकाशात विमान शोधलं. वळणावर जीप डुलायची आणि मी देवळात न जाणारी बाई असूनही हात जोडायची. झहीराबादच्या पुढे ऊस लागला, मग बिदरजवळची तांबडी माती. तिथे मुक्काम करायचं ठरवलं होतं.

लॉजच्या कमानीतून जीप आत जाईना. टपावरचा सामानाचा पिंजरा कमानीला घासला. मॅनेजर चांगला माणूस, तो कानडी-मराठी-उर्दू असं सगळं मिसळून बोलायचा. जीपला एक फेरी मारून त्याने विचारलं, "शूटिंग आहे काय, मॅडम?" मी सांगितलं, आईला बहिणीकडे नेतो आहोत. तो पुन्हा जीपकडे बघून म्हणाला, "बहीण कुठे, हिमालयात राहती?" जीप रस्त्यावरच राहिली.

सकाळी नाश्त्याला सुसला मिळाला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, वरून डाळ्याचं कूट आणि तळलेली मिरची. आमच्या पुण्याच्या सासरी हा पदार्थ कुणाला ठाऊक नाही. तिकडे चुरमुरे म्हणजे भेळ. आईला मात्र तो पाहून एकदम लहानपण आठवलं. ती म्हणाली, की सुगी संपली की अक्का तिला पाठुंगळी घेऊन बाजारात आणायची आणि एक पुडा सुसला दोघींत खायच्या. अक्का मिरची स्वतः खायची आणि डाळ्याचं कूट हिला द्यायची.

"आता तिला डोळ्यानं मी दिसंन का गं?" तिने मला विचारलं. "का नुसता आवाज वळखंल?"

मी म्हटलं, "दिसशील. पिवळ्या गाडीतून उतरलीस की दिसशील." आणि बशीतल्या मिरच्या माझ्या बशीत घेतल्या.

किल्ल्याजवळ एका दुकानात तिने मावशीसाठी लुगडं घेतलं. मी मोतिया, करडे, तिच्या वयाला शोभतील असे रंग काढायला लावले. आईने ते सगळे बाजूला सारून लालभडक उचललं. दुकानदाराने नवरीसाठी का म्हणून विचारलं. आई म्हणाली, "हो, नवरीच हाय. जरा जुनी हाय."

नाला

उदगीरनंतर डांबर सुटलं आणि मिलिंद फुलला. खरंच सांगायचं तर जीपनेही त्याची लाज राखली. आमची रोजची गाडी त्या वाटेवर पहिल्याच चाकोरीत बसली असती. ही मात्र दगडांवरून सावकाश, डुलत, पोट न टेकवता जात होती. मिलिंदने आखूड दांडा ओढला, लो गिअर टाकला आणि आम्ही चालत्या माणसाच्या गतीने चढू-उतरू लागलो. दोन्ही बाजूंना कमरेएवढी ज्वारी, मधूनमधून तुरीचे पिवळे फुलोरे. दोन शेळ्यावाले उभे राहून बघत होते. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "कुणाकडं?" आई खिडकीतून ओरडली, "गयाबाईकडं! मी धाकली!"

समोर डोंगर आला. डोंगराच्या खांद्यावर खडकवाडीची घरं, हातावर मोजण्याएवढी. आणि खाली नाला.

नाल्यात पाणी थोडंच होतं, पोटरीपर्यंत. वाहून गेलेल्या पुलाचे तुकडे आणि पुराने आणलेले मोठाले धोंडे तेवढे वाटेत पडले होते. मिलिंद आधी स्वतः पाण्यातून चालत जाऊन वाट बघून आला. मग जीप उतरवली. पुढची चाकं धोंड्यावरून सहज गेली. मागची जाताना जीप डावीकडे कलली आणि खालून लोखंड घासल्याचा आवाज आला. जीप थांबली.

पायरी एका धोंड्याच्या खाचेत बरोबर जाऊन बसली होती. पुढे रेटली तर जीप वर उचलली जायची. मागे घेतली तर पायरी आणखी घट्ट रुतायची. मिलिंदने वीसेक मिनिटं सगळं करून पाहिलं. विंचचा दोर बांधायला पलीकडे झाड हवं. पलीकडे होती बाभळीची दोन पोरसवदा रोपं. पायरी कापावी, तर करवत आणलेली नव्हती. एवढी हत्यारं घेतली, पण लोखंड कापायचं काही घ्यायला दोघा हौशींना सुचलं नव्हतं.

मिलिंद पाण्यात उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. मी आता काहीतरी बोलणार, हे ओळखून तो आधीच म्हणाला, "माहितीये."

आई डोंगराकडे बघत होती. वस्ती अगदी समोर होती. घरांची कौलं दिसत होती, एका अंगणातून धूर निघत होता. आणि आई जिथे होती तिथून तिला खाली उतरताही येत नव्हतं. पायरी खाचेत, खाली निसरडे गोटे आणि वाहतं पाणी. फोन काढून पाहिला. रेंजची एकही काडी नव्हती. मिलिंद म्हणाला, मी चढून जातो, बबनला आणतो. पण चढ चांगलाच होता, त्याला वाट माहीत नव्हती आणि मला दोघींनी पाण्यात थांबायची भीती वाटत होती.

"हिला इथवर आणलं आणि आता बहीण दिसायची नाही," एवढाच विचार माझ्या डोक्यात फिरत होता. मिलिंदचा राग आला, मग त्याची कीवही आली, आणि मग दोन्ही गेलं, नुसतं वाईट वाटत राहिलं.

आईने पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. "खा," ती म्हणाली. "ती बघूलाली असंल."

"कोण?"

"अक्का. दुसरं कोण?"

मी मनात म्हटलं, हिला कुणी सांगावं. इतक्या लांबून माणसाच्या चांगल्या डोळ्यांनाही काय दिसणार होतं? पण तोंडाने चिवडा खात राहिले. पाण्याचा आवाज होता, बगळे होते, आणि कातावलेल्या मिलिंदने बूट काढून टपावर वाळत घातले होते.

बऱ्याच वेळाने वरून घुंगरांचा आवाज आला. डोंगराच्या वाटेने एक बैलगाडी उतरत होती. हाकणारा बबन उभा होता. त्याच्या मागे, साट्याच्या मेढीला, गाडीच्या कडेच्या खुंटाला, धरून, एक म्हातारी बसली होती आणि तिची मान एकसारखी आमच्याकडे वळलेली होती.

"दाजी, थांबा तसंच!" बबन पाण्याच्या काठावरून ओरडला. "गाडी लावतो आडवी!"

त्याने बैल पाण्यात घातले, वळवले आणि च्यक-च्यक करत एकेक पाऊल मागे रेटले. आईने जीपचं डावं दार पूर्ण उघडून धरलं आणि बैलगाडीची मागची बाजू त्या उघड्या दाराशी येऊन टेकली. आणि तेव्हा आमच्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. बैलगाडीची फळी आणि जीपची फळी नेमकी एका उंचीला आली होती. नामपल्लीला इतके रविवार घालवून मिलिंद आणि यूसुफभाईंनी जीप बरोब्बर बैलगाडीएवढी करून ठेवली होती.

बबन मिलिंदला म्हणाला, "माप घेऊन केल्यावाणी झालंय की हो!" मिलिंदने माझ्याकडे पाहिलं नाही.

आता आईने फक्त सरकायचं होतं. पण ती लगेच सरकली नाही. दोघी बहिणी एका उंचीवर, समोरासमोर बसल्या होत्या, मध्ये हातभर अंतर. मावशी फळीवरून खुरडत पुढे आली आणि तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"हालू नकू. बघू दे."

ती एकदम सगळा चेहरा बघू शकत नव्हती. तिने आधी कपाळ पाहिलं, मग मान जराशी हलवून एक डोळा, मग दुसरा, मग नाक, मग हनुवटीवरचं गोंदण. आई श्वास धरून बसली होती. मला रडू आवरेना. मी वळून बघितलं तर मिलिंद पाण्यात उभा राहून धोंड्याकडे बघत होता, फार मन लावून.

"दात कवा पडला गं?" मावशीने विचारलं.

"झालं की लई दिस."

"सांगितलं न्हाईस ते."

"बाजाराच्या बोलण्यात कुठं दातांचं सांगू, अक्का?"

मग आई सरकली. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, गुडघ्याला काही त्रास न होता ती जीपमधून बैलगाडीत गेली आणि बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली.

मी बबनला विचारलं, "तुला कसं कळलं?"

"मला कुठं कळलं, ताई? आई सकाळधरनं अंगणाच्या कडंला बसलीय. तुमच्या आईचं बोलणं बाजारातनं आणून ऐकवलं तवापासनं पिवळी, पिवळी चाललंय तिचं. मी शेतात होतो. हाका मारूलाली म्हणून आलो, तर म्हणती, पिवळं आलं, नाल्यापाशी थांबलं, हालंना. आमची शेवंता अडकली. बैल जुप."

मी आईकडे पाहिलं. तिने हुंदक्यातूनही माझ्याकडे असा एक कटाक्ष टाकला, की मी चिवड्याचा डबा बंद केला.

आई उतरल्यावर बबनने आणलेल्या पहारीने त्याने आणि मिलिंदने धोंडा हलवला. पायरी कडकन तुटली आणि पाण्यात राहिली. जीप मग एकटीच, हलक्या अंगाने, लो गिअरमध्ये डोंगर चढली. पुढे बैलगाडी होती, म्हणून तिलाही तेवढंच हळू जायचं होतं.

खडकवाडी

वस्तीवर सगळ्यांचे जयभीम झाले, चहा झाले. संध्याकाळी मावशीच्या सुनेने ज्वारीच्या भाकरी, येसराची, म्हणजे भाजक्या मसालेदार पिठाची, आमटी आणि लसणाच्या फोडणीची अंबाडी केली. हैदराबादेत हीच अंबाडी गोंगुरा म्हणून मिरवते, तिच्या चटणीच्या बाटल्या भरून पाहुण्यांना देतात. मावशीकडे तिला असा मान नाही, ती रोजच्या ताटातली. करडईच्या तेलाची धार वर घालून मी किती भाकरी खाल्ल्या ते सांगत नाही.

आमच्याकडे पाहुण्याला "लाजू नका" म्हणून आग्रह करतात. खडकवाडीत आग्रहाची रीतच नाही. ताटातलं संपलं की न विचारता पुढची भाकरी येते, आणि नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा. मिलिंदला हे उशिरा कळलं.

दोन दिवस बहिणी ओट्यावर बसून होत्या. आईने लाल लुगडं काढलं, तेव्हा मावशी चिडली. "ह्या वयात हे नेसू? लोक हासतील." आई म्हणाली, "हसू दे. मला बी आता लांबचं नीट दिसत न्हाई." मावशी मग लुगड्याची घडी मांडीवर घेऊन, बोटांनी काठ चाचपत राहिली. मावशी आईला जवळ बसवून घ्यायची आणि मधूनच बोलणं थांबवून नुसती बघायची. कधी कान, कधी हात. एकदा मला म्हणाली, "साठवून ठिवूलाले, पोरी. मग लागतंय."

मी तिच्या शेळ्यांना पाला घातला.

वळण

निघताना आईला जीपमध्ये चढवायचा प्रश्नच आला नाही. बबनने जीप ओट्याला लावायला सांगितली, आणि आई ओट्यावरून सरळ आत गेली. मावशी लाल लुगडं नेसून बसली होती. कुणीच हसलं नाही. दोघींनी निरोपाचं फार काही केलं नाही. मावशी एवढंच म्हणाली, "नाल्यात नीट जा," आणि आई म्हणाली, "गोळ्या घे."

पायरी नव्हती, त्यामुळे नाला आम्ही कुठेही न अडकता ओलांडला. यूसुफभाईंना परत गेल्यावर सांगायला मिलिंदकडे एवढी एकच कौतुकाची गोष्ट होती, आणि ती त्यांच्या पायरीच्या विरुद्ध जात होती.

नाल्यापलीकडची वाट थोडी चढते, मग सपाट होते आणि एका टेकाडाआड वळते. वळणाच्या पुढे खडकवाडी दिसत नाही, आणि खडकवाडीवरून वाटही दिसत नाही.

"मिलिंदराव," आई म्हणाली, "वळणाच्या अलीकडं जरा थांबवा."

त्याने जीप थांबवली, इंजिन बंद केलं. आम्ही मागे वळून पाहिलं. डोंगराच्या खांद्यावर, अंगणाच्या कडेला, एक लाल ठिपका होता. हालत नव्हता.

आई खिडकीतून बघत होती. तिने हात हलवला नाही. तेवढं काही तिकडे दिसणार नाही, हे तिला माहीत होतं. दिसत असणार ती जीप, हळदीच्या रंगाची, वळणाशी उभी. तुरीवरून वारा येत होता.

"ती उठायची न्हाई," आई शेवटी म्हणाली. "आपण दिसत राह्यलो तर तशीच बसंल. सकाळपासनं च्या बी घेतला न्हाई तिनं." तिने डोळे पुसले. "चला. पण दमानं घ्या."

मिलिंदने किल्ली फिरवली. समोरची वाट सपाट होती, एक दगड नव्हता. तरी त्याने हात आखूड दांड्यावर नेला, तो ओढला, आणि ज्या गिअरने डोंगर चढतात त्या गिअरमध्ये, मुंगीच्या चालीने, ते वळण घेतलं.